हात कुणी मोडला?

“त्याच्या मर्जीशिवाय झाडाचं पानही हलत नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना? मग माझा हात कुणी हलवला?”

नूरखान शिकलगार तकियाच्या उंबऱ्यावर उभा राहून विचारत होता. आत आला नव्हता. सलामही केला नव्हता.

शाहबाबा खाली मान घालून गोधडीला ठिगळ लावत होते. वारणेच्या काठी, गावाबाहेरच्या त्या तकियात, फकिराच्या मठीत, ते एकटेच राहत. गावातल्या मुसलमानांच्या घरी कुणी वारलं, की मयताला गुसल द्यायला, शेवटची आंघोळ घालायला, त्यांनाच बोलावणं येई. नूरखान लहानपणी त्यांच्यापाशीच कुराण शिकला होता. आता तो पंचक्रोशीत नावाजलेला पैलवान होता.

उरुसाच्या मैदानात त्यानं आनंदा कुंभाराचा हात मोडला होता.

कुस्ती रंगात आली होती. आनंदाचा हात पाठीमागे पिळून धरलेला असताना पंचांनी कुस्ती सोडवायला शिट्टी वाजवली. नूरखाननं हात सोडला नाही. हाडाचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत गेला... हलगीच्या कडकडाटात शिट्टी ऐकूच आली नाही, असं त्यानं सांगितलं. पंचांनी मानलं. चांदीची गदा त्याच्या खांद्यावर आली.

आनंदाचा हात सांधला तो वाकडाच. चाकावर माती धरता येईना. गावातली जाणती माणसं म्हणाली, निदान माफी तरी माग. नूरखाननं ऐकलं नाही. मग त्याच्या अम्मानं त्याचं ताट वाढणं बंद केलं. एवढंच म्हणाली, “आधी शाहबाबांकडे जाऊन ये.”

म्हणून तो आला होता. माफीसाठी नव्हे. भांडायला.

“बोला की बाबा. नशिबात लिहिलेलं होतं की नव्हतं?”

“होतं,” बाबा म्हणाले.

नूरखान गडबडला. एवढ्या लवकर समोरचा पाठ टेकेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“मग माझा गुन्हा काय?”

“काही नाही. जा घरी.”

तो गेला नाही...

“मग लोक मला का बोलतात?”

“त्यांच्या नशिबात बोलणं लिहिलं असेल.”

“अम्मा जेवायला वाढत नाही!”

“तेही लिहिलं असेल.”

“थट्टा करताय माझी?”

बाबांनी दोरा ओढला. “गदा कुणी जिंकली रे?”

“मी!”

शब्द निसटून गेला होता. सुई आत गेली, बाहेर आली.

नूरखानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो असा चीत होणारा गडी नव्हता.

“बरं. गदाही त्या वरच्याचीच. आजच नेऊन मशिदीत ठेवतो. झालं समाधान? जिंकला तो मी नव्हे, मोडला तोही मी नव्हे. हे हातच माझे नव्हेत!”

बाबांनी सुई गोधडीत खोचून ठेवली. पहिल्यांदाच वर पाहिलं.

“मग आडवा हो.”

“कशाला?”

“ज्याचे हात त्याचे नसतात, त्याला मी आंघोळ घालतो.”

नूरखान हसला. पण बाबा खरंच उठले. भिंतीशी उभी केलेली लाकडी फळी त्यांनी जमिनीवर घातली, रांजणातून बादली भरून आणली.

माघार घेणं नूरखानला माहीतच नव्हतं. त्यानं सदरा काढला, फळीला पाठ टेकली, डोळे मिटले.

“घाला.”

पाणी गार होतं. बाबांनी उजवा हात आधी घेतला. बोटं, तळवा, कोपर... मयताला धुवावं तसं, हलक्या हातानं. नूरखाननं अंग सैल सोडलं. मेलेल्याला काही लागत नाही. आपणही लागू द्यायचं नाही.

मग बाबांनी त्याला डाव्या कुशीवर वळवलं. उजवं मनगट धरलं, हात पाठीमागे नेला आणि हळूहळू वर रेटायला लागले.

जन्मभर मयतं उचललेला माणूस. पकड लोखंडासारखी होती.

खांद्यातून कळ निघाली. नूरखाननं दात आवळले.

“अजून!” तो म्हणाला.

“मयत बोलत नाही.”

हात आणखी वर गेला. घाम फुटला. आता एक हिसका... फक्त एक. मग काय होतं, ते त्याच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक असणार?

बाबांचा हात थांबला.

नूरखान वाट पाहत राहिला.

“का थांबलात?”

“शिट्टी वाजली.”

बाहेर नदीकाठ सामसूम होता. कुठे काहीच वाजलं नव्हतं...

नूरखान तसाच पडून राहिला. त्या दिवशी शिट्टी त्याला ऐकू आली होती. हलगीच्याही वर, लख्ख. शिट्टी आणि हाडाचा आवाज, या दोहोंच्या मध्ये थोडी जागा होती. एक श्वास मावेल एवढी. त्या जागेत दुसरं कुणीही नव्हतं. समोर आनंदाची घामानं भिजलेली मान होती, आणि नूरखानच्या मनात आलं होतं, हा पुन्हा उठता कामा नये.

तो उठून बसला. अंगावरून पाणी निथळत होतं.

“आणि लिहिलेलं होतं, त्याचं काय?” आवाज अजून चढाच होता.

“लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, तू काय करशील ते. तुला ठाऊक होतं?”

“नाही.”

“मग तू वाचून केलं नाहीस.”

नूरखाननं ओल्या अंगावरच सदरा चढवला. उंबऱ्यापाशी जाऊन थांबला.

“कुंभारवाड्यात जातो. पण नशिबात होतं असं म्हणणार नाही. चुकून झालं असंही नाही. शिट्टी ऐकली आणि मोडला, असं सांगणार. चारचौघांत! मग पंचांना काय करायचं ते करू देत.”

“सांग.”

“रडणार नाही मी त्याच्या दारात.”

“रड म्हणून कुणी सांगितलं?”

तो तरातरा निघाला. पायवाटेला लागला आणि थबकला. वळला. आता आवाज खाली आला होता.

“बाबा... त्यानं माफ नाही केलं तर?”

बाबांनी बादलीतलं उरलेलं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतलं.

“तेवढं तरी त्याच्या हातात राहू दे.”