पान्हाईची बैसक

आमच्या निवळोशीत जेवढी घरं तेवढे दगड. प्रत्येक घराच्या उजव्या अंगाला, गोठ्याच्या तोंडाशी, गुडघ्याएवढा काळा कातळ दिसेल. मधोमध खोलगट, वरून गुळगुळीत, तोंड उगवतीकडे. घाटी चढून दमलेले पाहुणे वर आले की दगड बघतात आणि आधी त्यावर पिशवी टेकवतात. मग कुठल्या तरी ओट्यावरून आवाज येतो, पिशवी खाली ठेवा म्हणून. आवाज गोड नसतो. बहुतेक वेळा तो माझाच असतो.

कुणी म्हणतं, हे वीरांचे दगड. कुणी म्हणतं, इथं पूर्वी धान्य कांडत असतील. इथं कुणी वीर पडला नाही, आणि कांडायला घरात उखळ आहे. ह्या बैसका आहेत, बसायच्या. पहाटे उठलं की चूल नाही, केर नाही, धार नाही. घरातली धार काढणारी बाई आधी येऊन दगडावर बसते, बाकीचे तिच्या आसपास ओट्यावर टेकतात. समोर पान्हाईचा डोंगर. त्याच्या खांद्यावरून ऊन येऊन पायावर पडलं की उठायचं. तोवर त्या बाईला कुणी काही मागायचं नाही, सांगायचं नाही, विचारायचंही नाही.

"एवढंच?" असं विचारणारेही भेटतात. होय, एवढंच. पण एवढंसं मिळायला काय पडलं ते ऐका, आणि मग ठरवा.

गोष्ट फार जुनी. किती, ते मला विचारू नका. माझ्या आजेसासूला तिच्या आजेसासूने सांगितली, आणि तिलाही ती जुनी म्हणूनच मिळाली होती. तेव्हा निवळोशी म्हणजे निव्वळ गवळ्यांची वाडी. शेती नावाला, सगळा जीव म्हशींवर. बायकांनी पहाटे ताक घुसळायचं, लोणी काढायचं, आणि पुरुषांनी ते डोक्यावर घेऊन घाटी उतरून खालच्या पेठेत न्यायचं. वाडीचा म्होरक्या म्हालू गवळी. माणूस वाईट नव्हता म्हणे, पण घाईचा. त्याच्या आजाचं लोणी एकदा घाटीत वितळलं होतं. लग्नाघरून निघायला उशीर झाला, सूर्य डोक्यावर आला, आणि पेठेत पोचेपर्यंत म्हाताऱ्याच्या दाढीतून तूप ठिबकत होतं. पेठेतले लोक हसले. ते हसणं म्हालूच्या घराने विसरलं नाही. तेव्हापासून नेम पडला की उजाडायच्या आत लोणी घाटीला लागलंच पाहिजे.

म्हालूकडे एक पितळी थाळा होता. अंधार असतानाच तो थाळा बडवत वाडीभर फिरायचा. थाळा वाजला की वाडी उठायची ती धावतच. बाई घागरीला अडखळायची, दावं सापडायचं नाही, चुलीला ओलं लाकूड लागायचं, पोरं रडायची, सासवा ओरडायच्या. तरी उशीर व्हायचा. उशीर झाला म्हणून म्हालू दुसऱ्या दिवशी आणखी आधी थाळा वाजवायचा. आणखी आधी उठलेलं माणूस आणखी पेंगतं, त्याच्या हातून आणखी सांडतं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. धावणाऱ्याला आपण धावतो आहोत एवढंच कळतं.

लोणी तर घाईने येतच नाही. रवी आपल्या चालीने फिरली पाहिजे, ताक गार पाहिजे, मग ते आपसूक वर येतं. पण थाळा वाजत असताना कोण थांबतो? बायका घुसळण्यात कढत पाणी ओतायला लागल्या. त्याने लोणी लवकर सुटतं खरं, पण मऊ, लिबलिबीत. दुपारपर्यंत त्याला वास मारतो. पेठेतला वाणी नाक मुरडू लागला. म्हालूला वाटलं, आपण उशिरा पोचतो म्हणून लोणी नासतं. त्याने थाळा आणखी आधी काढला.

मग म्हशींनी दूध चोरायला सुरुवात केली. ज्याने म्हैस पाळली त्याला हे सांगायला नको. म्हैस दूध देत नसते, सोडत असते. तिच्या मनात आलं तर पान्हा घालते, नाही आलं तर सड ओढून ओढून तुमची बोटं जातील, थेंब यायचा नाही. थाळ्याचा आवाज आला की वाडीतल्या साऱ्या म्हशी अंग आखडून उभ्या राहायच्या. रेडकं ढुशा मारून थकायची. काही दगावलीही. देवऋषी आला, दृष्ट निघाली, डोंगरावर पान्हाईला कोंबडा झाला. पान्हाई ही आमची देवी, पान्ह्याची आई. कोंबडा घेऊनही ती गप्पच राहिली. म्हालू म्हणू लागला, ह्या डोंगराचं सत्त्व गेलं, दिवाळी झाली की वाडी उठवू आणि खाली जाऊ.

ह्याच म्हालूच्या घरात सून होती, ठमा. मुलगा कोंडू, त्याची बायको. नुकतीच बाळंत झालेली, पदरात पोरगी. आणि त्या घरात, जिथे दुधाशिवाय काही नव्हतं, ठमाच्या अंगावरचं दूध आटलं.

सासू लखाई जिभेची तिखट, पण नातीवर जीव. अळिवाची खीर झाली, नाचणीची पेज झाली, डिंक झाला, जंगलातून शतावरी खणून आणली. काही होईना. पोर छातीला लागायची, ओढायची, आणि तोंड सोडून रडायची. पुढे पुढे रडणंही बारीक झालं. ओठ सुकले. म्हशीचं पाजावं तर म्हशी कोरड्या. वाडीतल्या बायका बघून जायच्या आणि बाहेर जाऊन एकमेकींकडे बघायच्या. ठमाला त्या बघण्याचा अर्थ कळत होता.

असं सांगतात की एका पहाटे थाळा वाजायच्या आधीच ठमाला जाग आली. पोर छातीशी घेऊन ती बाहेर आली. गोठ्याचा झाप, म्हणजे कुडाचं बुटकं दार, आतून म्हशींनी ढकलू नये म्हणून त्याला बाहेरून एक दगड लावलेला असायचा. त्या दगडावर ती बसली. समोर पान्हाईचा डोंगर काळा उभा. ठमा देवीला म्हणाली, "आई, मी मागायला आले नाही. मागून मागून सगळी वाडी दमली. मी नुसती बसायला आले आहे. तुझ्या खांद्यावरून ऊन येऊन माझ्या पायावर पडेपर्यंत मी उठणार नाही. रोज बसेन. पोर जगली तरी, आणि नाही जगली तरी."

नवस म्हणतात तो हा. ह्यात कोंबडा नाही, नारळ नाही. मला विचाराल तर देवीला इतका स्वस्त आणि इतका महाग नवस कुणी बोललं नव्हतं.

त्या दिवशी काही झालं नाही. थाळा वाजला, ठमा उठली नाही. दगड हलला नाही म्हणून गोठा उघडला नाही, गोठा उघडला नाही म्हणून धार निघाली नाही. ऊन पायावर आल्यावर ती उठली आणि मग दिवसभर बोलणी खाल्ली. म्हालूने मुलाला बजावलं, बायकोला आवर, नाहीतर माहेरी पोचव. कोंडू गरीब माणूस. तो बापाला हो म्हणाला आणि बायकोला काहीच म्हणाला नाही. फक्त त्या संध्याकाळी त्याने वेगळंच केलं. घागरी भरून ठेवल्या, लाकडं चुलीशी रचली, दावी खुंटीला अडकवली, रवी धुऊन जागेवर टांगली. आईने विचारलं, हे रे काय? तर म्हणाला, ती उद्याही बसणार. तिच्या वाटची धावपळ आत्ताच उरकून टाकतो.

आणि ती बसली. म्हालू थाळा घेऊन तिच्यासमोरच आला. कानाशी बडवला म्हणे. पोर दचकली. ठमाने पोरीच्या कानावर हात ठेवला, पण उठली नाही. म्हालू म्हणाला, "सूनबाई, लोणी तुझ्यासाठी थांबेल, सूर्य थांबेल का?"

"थांबू नये, मामंजी," ठमा म्हणाली. "मी त्याच्यासाठीच बसले आहे."

हे ऐकून लखाई पदर खोचून बाहेर आली. सुनेने सासऱ्याला तोंडावर उत्तर दिलेलं त्या घराने ऐकलं नव्हतं. दंडाला धरून उठवायचं म्हणून तिने ठमाचा हात धरला, आणि तशीच राहिली. ठमाचा दंड ढिला होता. लखाईने जन्मभर बायकांचे दंड पाहिले होते, ताणलेले, दोरीसारखे. तिचा स्वतःचाही तसाच होता. हा दंड पाण्यात सोडलेल्या पदरासारखा होता. मग तिला आवाज ऐकू आला. पोर चुटचुट पीत होती.

सासू सुनेपुढे मातीतच बसली. म्हालू पुन्हा थाळ्यावर काठी उगारत होता. लखाईने वर न बघता हात पुढे केला आणि म्हणाली, "तो थाळा इकडे आण, आणि तोंड मिट."

तेवढ्यात झापावरून ठमाच्या मानेवर ऊन ऊन श्वास आला. कळपातली पुढारीण म्हैस, मोरी तिचं नाव, झापावर हनुवटी टेकून डोळे मिटून उभी होती. तिच्या मागे आतल्या पाचोळ्यावर टिप टिप वाजत होतं. कुणी हात लावला नव्हता, रेडकू सोडलं नव्हतं, आणि मोरीच्या चारी सडांतून दूध गळत होतं. लखाई आडवी होऊन झापाखालून सरकली आणि तिने तो थाळा मोरीखाली धरला. म्हालूने आयुष्यभर तो बडवला होता. त्यात दूध पडतं तेव्हा तो कसा वाजतो, ते त्याने पहिल्यांदा ऐकलं.

ऊन आलं, ठमाच्या पायावर पडलं. ती उठली. दगड सरकला, गोठा उघडला. हाताशी सगळं तयार होतं, कुणाला काही शोधावं लागलं नाही. आधीच्या साठवलेल्या विरजणाचं ताक कढत पाणी न घालता घुसळलं, तर लोणी आलं घट्ट, मडक्यात बोट रुतेना असं.

म्हालू मात्र सहजी हरणारा नव्हे. म्हणाला, लोणी सुंदर आहे, पण घाटीत वितळणार. माझ्या आजाचं वितळलं. दाखवतोच तुम्हाला. आणि ते मडकं स्वतः डोक्यावर घेऊन, सूर्य चांगला वर आलेला असताना, सुनेला खोटं पाडायला निघाला. कोंडू मागोमाग.

आता इथे ऐका. आमची घाटी मावळतीच्या अंगाने उतरते. सकाळी डोंगराची आख्खी सावली तिच्यावर पडलेली असते, अगदी पेठेच्या पारापर्यंत. सूर्य डोक्यावर येईपर्यंत तिथे ऊन शिरत नाही. पिढ्यानुपिढ्या ती घाटी उतरणाऱ्या माणसांना हे माहीत नव्हतं, कारण ते रोज काळोखात उतरत होते. काळोखात सावली कुणाला दिसते?

म्हालू सावलीतून चालत राहिला. एका वळणावर थांबला, मडक्यात बोट घालून पाहिलं, गार. वर डोंगराकडे पाहिलं. कोंडू सांगायचा, बाबा तिथे कातळावर बसला आणि इतका हसला की मडकं मला धरावं लागलं. म्हणाला, आजा माझा उशिरा निघाला नव्हता रे, तो भर दुपारी निघाला होता. आणि आपण सगळे त्याच्या दाढीला भिऊन झोपा मोडत राहिलो.

वाडी उठली नाही. त्या पावसाळ्याआधी प्रत्येक घराने कातळाचा एकेक दगड आणून गोठ्याच्या तोंडाशी बसवला. नियम घातला तो लखाईने. बसलेल्या बाईला जो कुणी हाक मारील, त्याला त्या दिवशी त्या घरात दूध नाही. पहिल्याच आठवड्यात म्हालूला कोरी पेज प्यावी लागली, असं सांगतात. ठमाची पोर जगली, मोठी झाली, ह्याच वाडीत नांदली. आम्ही बहुतेक जणी तिच्याच घराण्यातल्या.

आता शहरातले लोक मला सांगतात, आजी, सकाळी लवकर उठा, दिवस सोपा जातो. लवकर उठून म्हालूही थाळाच बडवायचा. आदल्या सांजेला दावं खुंटीला असू द्या, आणि उठल्यावर घटकाभर कुणाचेही नसा. मग उठा वाटेल तेव्हा.

आजही निवळोशीत नवी सून आली की पहिल्या पहाटे तिला सासू स्वतः बैसकेवर नेऊन बसवते आणि आपण उंबऱ्यात आडवी उभी राहते. आत नवरा चहा मागतो, सासरा तंबाखूची डबी शोधतो, धाकट्या दिराला टॉवेल सापडत नाही. सगळ्यांना सासूच उत्तर देते, आणि आवाज न चढवता देते: "ती बसली आहे." पोरगी बिचारी पहिल्या दिवशी अवघडते, मागे वळून वळून बघते. मग डोंगराच्या खांद्यावर उजेड येतो, आणि गोठ्यात कुठेतरी टिप टिप सुरू होतं.