भुईचाफ्याची जागा

एका गावात एक देवी होती आणि तिला रोज एकच फूल लागायचे. मात्र ते त्याच दिवशी उमललेले, गावच्या शिवारातलेच हवे. बाजारचे चालत नसे. ज्याच्या हातून एक दिवस चुकला, त्याने सेवा सोडायची आणि देवळाजवळची खोलीही सोडायची, असा रिवाज होता.

ही सेवा एका म्हाताऱ्या गुरविणीकडे होती. तिने बाग कधी लावली नाही. सकाळी शिवारात फिरायची आणि त्या दिवसांत जे फुलले असेल ते आणायची. श्रावणात तेरडा, भादव्यात सोनकी, माघात काटेसावर, फाल्गुनात पळस, मग बहावा. पुढे तिचे गुडघे धरले. ती आपल्या जुन्या खोपटात राहायला गेली आणि गावाने परगावाहून केरबा माळ्याला बोलावले.

केरबा मार्गशीर्षात आला. त्याच्या बायकोला पक्क्या छपराखाली पहिल्यांदाच चूल मांडायला मिळाली. ती दोन दिवस नुसती भिंती सारवत होती.

गुरवीण केरबाला म्हणाली, "बाबा, एक वर्ष नुसतं बघ. मग कुदळ घाल."

केरबा हसला. "आजी, बघत बसणारा माळी उपाशी मरतो."

पुढे म्हातारी चार दिवस लेकीकडे गेली. देवळामागे एक तुकडा उघडा पडला होता, पानसुद्धा नव्हते. केरबाने तो खणला. आल्यासारखे गड्डे निघाले. तण पुन्हा फुटू नये म्हणून चांगला माळी गड्डे जाळतो, तसे त्याने ते जाळले. तिथे गुलाब, शेवंती, झेंडू लावले. बाग अशी बहरली की लोक वाट वाकडी करून बघायला येऊ लागले.

वैशाख सरता सरता विहीर आटली. बाग करपली. रस्त्याकडेच्या बहाव्याने काही दिवस भागवले, मग त्याच्याही नुसत्या शेंगा उरल्या. जेठाच्या एका सकाळी केरबा सगळे शिवार पालथे घालून रिकाम्या हाताने म्हातारीच्या दारात आला.

"देवळामागं बघितलंस का?" तिने विचारले. "या दिवसांत तिथं भुईचाफा येतो. पान नसतं. नुसतं फूल मातीतून वर येतं."

तिथले गड्डे आपणच खणून जाळल्याचे केरबाने तिला सांगितले.

घरी बायकोने काल बाजारातून आणलेला मोगरा ओल्या फडक्यात जपून ठेवला होता. तोच वाहा, कोण बघायला येते, असे ती म्हणाली. तिला खोली जायची भीती होती. केरबालाही होती. पण तो तसाच देवळात गेला आणि आज फूल नाही, चूक माझी, असे सगळ्यांसमोर सांगितले. माळ्याच्या घरी फूल नाही म्हणजे कुंभाराच्या घरी मडके नाही, असे कुणीतरी बोललेच.

त्याच दिवशी खोली रिकामी झाली. म्हातारीने त्यांना आपल्या पडवीत घेतले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सेवा पुन्हा धरली. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या सावलीत पहिला कुडा उमलला, त्यावर तिने भागवले. केरबाने कुदळ आढ्याला टांगली. वर्षभर तो तिचा हात धरून हिंडला. कुठे काय फुलते, कधी सुकते, बी कुठे पडते, हे बघत राहिला.

पुढच्या जेठात म्हातारीला उठवेना, म्हणून तो एकटाच गेला. परत येऊन म्हणाला, "आजी, टेकाडामागं आंब्याखाली भुईचाफा आलाय."

"आणलास?"

"नाही. एकच आहे. राहिला तर वाढेल. ओढ्याच्या सावलीत कुडा फुललाय, त्याचं आणलंय."

म्हातारीने ते पांढरे फूल हातात घेतले, बघितले आणि त्याच्या ओंजळीत परत ठेवले.

"जा, वाह देवीला. गावाला मी विचारलंय, सेवा आता तुझी. येताना खोली झाडून घे. वर्षभर बंद आहे."

तात्पर्य एवढेच, की जमिनीला हात लावण्याआधी तिचे सगळे ऋतू बघून घ्यावेत.