सुपडूचं ॲव्हरेज

तापीकाठच्या एका गावात सुपडू नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. भोळा म्हणजे किती, तर 'जरा थांब' असं सांगून एखादा विसरून गेला, की सुपडू दुपार टळली तरी तिथंच उभा सापडायचा. गाडी मात्र फार छान चालवायचा. वीस वर्षांत त्यानं कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नव्हता.

तो तोतारामआप्पांकडे कामाला होता. आप्पांच्या केळीच्या बागा होत्या. मनानं माणूस उदार. दारी आलेला पाहुणा शिरा खाल्ल्याशिवाय जायचा नाही, आणि शिऱ्यात तूप इतकं की बोटांवरून मनगटापर्यंत ओघळ यायचा. पण पेट्रोलचं नाव काढलं की आप्पांचा जीव गोळा व्हायचा. तूप घरचं होतं, पेट्रोल पंपावरचं.

म्हणून आप्पांनी नवी गाडी घेतली. हायब्रीड.

सुपडूनं गाडीभोवती एक फेरी मारली. त्याला हायब्रीड म्हणजे ज्वारी माहीत होती.

"आप्पा," तो म्हणाला, "हायब्रीड गुरंसुद्धा मनापासून खात नाहीत."

"ती ज्वारी. ही गाडी आहे. ही विजेवर चालते आणि पेट्रोलवरही चालते. घरी चार्जिंगला लावायची. पहिले पन्नास किलोमीटर विजेवर जाते. थेंबभर पेट्रोल जळत नाही."

"मग टाकीत पेट्रोल कशाला भरलंय?"

"असू दे अडीनडीला. आपण पेट्रोलला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," सुपडू म्हणाला.

घरी त्याच्या बायकोनं, कोकिळानं, त्याला समोर बसवून सांगितलं, "अहो, आप्पा सांगतील ते शब्दाला शब्द करा. त्यात तुमची अक्कल मिसळू नका. नव्या गाडीला नवा ड्रायव्हर शोधायला त्यांना कितीसा वेळ लागतो?"

सुपडूला ते पटलं. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं आणि आप्पांवर त्याचा जीव होता. त्या दिवसापासून त्यानं आप्पांचा एकही शब्द खाली पडू दिला नाही.

पहिल्याच आठवड्यात आप्पांनी त्याला ठिबकच्या नळ्या आणायला तालुक्याला पाठवलं. जाऊन येऊन सत्तर किलोमीटर. पन्नास किलोमीटर गाडी मांजरीसारखी गेली, आवाज नाही की काही नाही. मग अचानक पुढून घुर्र झालं. चार्जिंग संपलं होतं आणि गाडीनं आपलं आपण पेट्रोलचं इंजिन सुरू केलं होतं.

सुपडूनं घाईघाईनं चावी फिरवून गाडी बंद केली. जरा वेळानं सुरू केली. घुर्र. पुन्हा बंद केली. पेट्रोलला हात लावायचा नव्हता.

दिवस मावळायच्या सुमाराला आप्पा ओट्यावर बसले होते. लांबून घुंगरांचा आवाज आला. पुढे एक बैलजोडी, मागे दोरानं बांधलेली नवी कोरी गाडी, आणि आत सुपडू स्टिअरिंग धरून ताठ बसलेला. आप्पांच्या गल्लीत वळताना त्यानं डावीकडचा इंडिकेटरही दिला.

"बैलवाल्याचे हजार रुपये द्यायचेत," तो उतरून म्हणाला.

आप्पांनी आधी हजार रुपये दिले. मग ते बोलले. "सुपडू, वीस किलोमीटरला एक लिटर पेट्रोल लागलं असतं. शंभर रुपयांचं."

"पण आपण हात लावला नाही, आप्पा."

आप्पांनी डोळे मिटून घेतले. "हे बघ. इंजिन सुरू झालं तर होऊ द्यायचं. गाडी चालू राहिली पाहिजे. वाटेत थांबवायची नाही."

"वाटेत थांबवायची नाही," सुपडू म्हणाला, आणि घरी जाईपर्यंत तेच घोकत गेला.

गुरुवारी आप्पांच्या पत्नी वत्सलाकाकू माहेराहून एसटीनं येणार होत्या. फाट्यावर उतरायच्या. फाटा चार किलोमीटर. आप्पा म्हणाले, "जा, काकूंना घेऊन ये."

काकू फाट्यावर उभ्याच होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या काखेत डांगर. सुपडूनं त्यांना लांबूनच ओळखलं. गाडी हळू केली, काच खाली घेतली, हसून नमस्कार केला.

"या काकू, बसा," तो म्हणाला, आणि पुढे निघून गेला.

पुढच्या वळणावरून फिरून परत आला. "या काकू." पुन्हा पुढे. तिसऱ्या फेरीला काकू गाडीबरोबर दहा पावलं धावल्या. पाचव्या फेरीला त्यांनी पिशवी खिडकीतून आत फेकली. पिशवी बसली, काकू राहिल्या. सुपडूला फार वाईट वाटलं. काकूंचं वय झालंय, आता त्यांना पूर्वीसारखं धावता येत नाही, असं त्याच्या मनात आलं. म्हणून तो आणखी हळू चालवायला लागला. पण थांबला नाही.

शेवटी काकू रिक्षा करून आल्या. रिक्षाच्या मागे सुपडू. आप्पांनी बाहेर येऊन गाडीतल्या आकड्यांच्या पडद्यावर पाहिलं, तर चार किलोमीटरच्या कामाला गाडी साठ किलोमीटर फिरली होती आणि पेट्रोल जळलं होतं.

 काकू डांगर ओट्यावर ठेवून तडक आत गेल्या. ते सुपडूच्या जिव्हारी लागलं.

"अरे, गाडी कुणासाठी असते?" आप्पा म्हणाले. "माणसांसाठी. माणूस दिसला की थांबायचं. खाली उतरून दार उघडायचं. अदबीनं बसा म्हणायचं. एवढं तरी लक्षात ठेव."

सुपडूनं ते लक्षात ठेवलं.

शनिवारी आप्पांनी त्याला लग्नाच्या पत्रिका आणायला पाठवलं, कारण त्यांच्या मुलीचं, हर्षदाचं, लग्न ठरलं होतं. शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस. रस्त्यानं माणसंच माणसं. सुपडू प्रत्येकापाशी थांबला, खाली उतरला, दार उघडलं, अदबीनं म्हणाला, "बसा."

माणसं बसत गेली. मांडीवर माणसं बसली, माणसांवर टोपल्या बसल्या. एक शेळी बसली, कारण शेळीवाला तिच्याशिवाय बसेना. एक म्हातारबाबा म्हणाले, "बाबा, मला उलट्या दिशेला जायचंय." सुपडूनं दार धरून ठेवलं. "बसा," तो म्हणाला. इतक्या अदबीनं बाबांना आयुष्यात कुणी बोलावलं नव्हतं. ते बसले.

पुलापाशी हवालदारांनी हात केला. सुपडू थांबला, उतरला, दार उघडलं. "बसा."

हवालदारांनी आत डोकावून पाहिलं. बसायला जागा नव्हती. त्यांनी उभ्यानंच पावती फाडली.

संध्याकाळी पत्रिका घरी आल्या. शेळीनं तीन खाल्ल्या होत्या. पण आप्पांचं लक्ष पत्रिकांकडे नव्हतं, ते पडद्याकडे बघत होते. "आठ," ते म्हणाले. "सुपडू, आठचं ॲव्हरेज. माझा ट्रॅक्टर बरा."

"तुम्हीच म्हणालात, गाडी माणसांसाठी असते."

"वजन वाढलं की पेट्रोल वाढतं," आप्पा एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "ॲव्हरेज पाहिजे तर गाडी हलकी पाहिजे. नको ते ओझं उतरवून ठेवायचं."

हे सुपडूला सगळ्यात सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पहाटेच गाडी हलकी करायला घेतली. पायपुसणी काढली. जॅक आणि पाने काढले. जास्तीचं चाक काढलं, ते तर नुसतंच पडून होतं, कधी फिरतसुद्धा नव्हतं. मागची सीट खोलून गोठ्यात नेऊन ठेवली. चार्जिंगची केबल उचलून पाहिली, चांगली जड होती. ती त्यानं घरी नेली आणि कोकिळानं तिच्यावर धुणं वाळत घातलं.

त्या दिवशी आप्पा आणि काकू हर्षदाचा शालू घ्यायला निघाले होते. काकू मागे गोणपाटावर बसल्या. भर दुपारी, आजूबाजूला चिटपाखरू नाही अशा जागी गाडीचं टायर बसलं.

"स्टेपनी काढ," आप्पा म्हणाले.

"सकाळीच काढली, आप्पा."

दोन तास आप्पा आणि काकू बाभळीच्या सावलीत उभे होते. बाभळीला सावली किती असणार. सुपडू टॉवेलनं दोघांना वारा घालत होता. आप्पांच्या मनात त्याला कायमचं घरी बसवावं असं आलं होतं. तोंडापर्यंत शब्द आलेही होते. पण वारा घालता घालता सुपडूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आप्पांनी ते पाहिलं.

"ऐक," ते म्हणाले. "शेवटचं सांगतो. काही उतरवायच्या आधी स्वतःला विचारायचं, याच्यावाचून गाडी चालते का? चालत नसेल, तर ठेवायचं. चालत असेल, तर खुशाल उतरव."

"याच्यावाचून गाडी चालते का," सुपडू म्हणाला.

"हां."

सीट बसली, स्टेपनी बसली, केबलवरचं धुणं निघालं, आणि लग्नाचा दिवस आला.

नवरदेवाचं नाव कौस्तुभ. त्याचं गाव चाळीस किलोमीटरवर. त्याचे वडील पुंडलिकराव डिझेलच्या जीपचे मोठे अभिमानी. साखरपुड्यातच सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, "आप्पा, तुमची ती बॅटरीची गाडी म्हणजे वरातीतली घोडी. मिरवायला बरी, कामाला नाही." आप्पा तेव्हा हसले होते, पण तो घाव त्यांना बसला होता.

त्यांनी सुपडूला बाजूला घेतलं. "नवरदेवाला आपल्या गाडीतून आण. मांडवापुढे मी व्याह्यांना पडदा दाखवणार. ॲव्हरेज पन्नासच्या खाली येता कामा नये. माझी इज्जत तुझ्या हातात आहे."

सुपडूनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग ते शर्टाला पुसले.

जाताना सगळं विजेवर झालं. पडद्यावर नव्व्याण्णव होतं. येताना पुंडलिकराव आणि वऱ्हाड जीपमधून पुढे गेले. मागून सुपडू. त्याच्याशेजारी नवरदेवाचे मामा, मागे कौस्तुभ मुंडावळ्या बांधून, आणि त्याच्याजवळ त्याची बहीण, करवली. दहा किलोमीटर झाले आणि घुर्र झालं.

पडद्यावरचा आकडा उतरायला लागला. नव्वद. ऐंशी. सुपडूच्या कपाळावर घाम आला. पासष्ट. गाव अजून अठरा किलोमीटर होतं. मामा अंगानं चांगले भरलेले होते. सुपडूनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली गाडी थांबवली.

"मामा, जरा उतरता का? गाडी तपासायचीय."

मामा उतरले. सुपडूनं गाडी वीस पावलं पुढे नेऊन पाहिली. चालली. तो मागे आला.

"ताई, आता तुम्ही."

करवली उतरली. गाडी पुन्हा वीस पावलं गेली. चालली.

आता राहिला नवरदेव. इथं सुपडू जरा घुटमळला. नवरदेव म्हणजे आजचा मोठा माणूस. पण आप्पांनी मोठा-लहान असं काही सांगितलं नव्हतं. त्यानं खाली उतरून दार उघडलं.

"साहेब, एकदा तुम्हीही."

कौस्तुभ इंजिनिअर होता. गाडीची तपासणी असते हे त्याला माहीत होतं. तो फेटा सांभाळत उतरला आणि मामांशेजारी जाऊन उभा राहिला. सुपडूनं गाडी वीस पावलं नेली. मग चाळीस नेली. गाडी पिसासारखी चालली. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून तिघांना आनंदानं सांगितलं, "चालतेय," आणि निघाला.

ते तिघं बराच वेळ तो वळून येईल म्हणून बघत राहिले.

मांडवापुढे बँड तयार होता. काकू ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. पुंडलिकराव जीपला टेकून उभे होते. फुलांनी सजवलेली गाडी आली, बँडनं सूर धरला, आणि आप्पांनी पुढे होऊन मागचं दार उघडलं.

सीटवर करवलीची पर्स होती. पर्समध्ये तिघांचे फोन होते. बाकी कुणी नव्हतं.

बँड एकेक वाद्य करत थांबला.

"सुपडू," आप्पा म्हणाले, "नवरदेव कुठंय?"

"आधी पडदा बघा, आप्पा. त्रेपन्न." सुपडूचा चेहरा फुलला होता. "पासष्टवरून भराभर उतरत होतं. मग मामांना उतरवून बघितलं, गाडी चालली. ताईंना उतरवलं, चालली. नवरदेवाला उतरवलं, तर अशी पळायला लागली की विचारू नका. त्यांच्यावाचून काही अडत नाही हिचं."

पुंडलिकराव जीपवरून सरळ झाले.  आत हर्षदा पाटावर बसली होती. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, "गाडीचं नाही अडत. माझं अडतं, म्हणावं."

आप्पांना मुहूर्ताला पंचवीस मिनिटं राहिलेली दिसत होती. व्याही दिसत होते.  

"कुठं उतरवलंस?"

"अठरा किलोमीटरवर. कडुलिंबाखाली. सावलीत उतरवलंय, आप्पा, उन्हात नाही."

"जा," आप्पा म्हणाले. "त्या कडुलिंबाखालून नवरदेवाला घेऊन ये. धावत जा."

सुपडूनं गाडीची चावी काकूंच्या ताटात ठेवली, कुंकवाला धक्का लागणार नाही अशी. चपला काढून हातात घेतल्या. आणि बँडवाल्यांच्या मधून वाट काढत तो धावत सुटला.

इकडे कौस्तुभ, मामा आणि करवलीनं केळीचा एक रिकामा ट्रक थांबवला होता. गावापासून दोन किलोमीटरवर ट्रकवाल्याला समोरून एक माणूस चपला हातात घेऊन धावत येताना दिसला. नवरदेवानं खिडकीतून फेटा बाहेर काढला आणि ओरडून सांगितलं, "सुपडूभाऊ, मी इथं आहे."

सुपडूनं धावता धावता वाकून नमस्कार केला. पण तो थांबला नाही. आप्पांनी नवरदेव कडुलिंबाखालून आणायला सांगितला होता. ट्रकमधल्या नवरदेवाविषयी ते काहीच बोलले नव्हते.