पाटील नगारा झाले तेव्हा

नद्या अजून मनाला येईल तिकडे वाहत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. एका नदीच्या काठी एक गाव होतं आणि अगदी घाटावरच गावाचं देऊळ. देवळात एक नगारा टांगलेला असे. तो वाजला की प्रसादाचा शिरा तयार झाला, हे रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. हातातलं काम टाकून सगळं गाव वाट्या घेऊन देवळाकडे धावायचं. शिरा होताच तसा!

एका वर्षी भरदिवसा पूर आला आणि गोठ्यातली गुरं वाहून गेली. पाणी चढतंय हे कोणाला वेळेवर कळलंच नाही. तेव्हा गावच्या पाटलांनी यंत्रं बनवणाऱ्या एका सुतारणीला बोलावून घेतलं.

"नदीत वाळका भोपळा सोडायचा. भोपळ्याला दोरी, दोरी नगाऱ्याच्या टिपरीला," पाटील म्हणाले. "पाणी चढलं की नगारा आपोआप वाजला पाहिजे. डोंगरावर ढग जमलेत बाई, आत्ताच्या आत्ता कामाला लागा!"

"लागते की. पण आधी आपण सगळे मिळून ते यंत्र खेळून बघू."

"खेळून?"

"हो. तुम्ही नगारा व्हायचं."

पाटलांच्या मिशा थरथरल्या. "ढग जमलेत आणि तुम्हाला खेळ सुचतोय? सांगितलं तेवढं करा!"

"सांगितलं त्यात काही चुकलंय, हे यंत्र झाल्यावर कळलं तर?" सुतारीण म्हणाली. "तोवर पूर थांबणार आहे का आपल्यासाठी?"

पाटलांची छोटी नात तिथंच उड्या मारत होती. "आजोबा, व्हा ना नगारा!" नातीपुढे पाटलांचं काही चालत नसे. झाले बिचारे नगारा.

मग काय विचारता! गावाच्या उत्साहाला उधाण आलं. एक खट्याळ म्हातारी निळं लुगडं पसरून नदी झाली. गोल पोटाचा वाणी कोणी न सांगताच भोपळा झाला. बाकीच्यांना सुतारीण एवढंच म्हणाली, "तुम्ही घरी जा. आवाज आला की जे कराल ते करा."

म्हातारी फूत्कार टाकत घाटाच्या पायऱ्या चढू लागली. तिच्यापुढे वाणी डुलत डुलत वर आला, त्यानं दोरी ओढली, आणि पाटलांनी नगाऱ्यावर टिपरी हाणली. धडाम! धडाम!

खेळ आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण पायांना कोण सांगणार? गाव उठलं, वाट्या घेतल्या आणि देवळाकडे धावत सुटलं. थेट म्हातारीच्या लुगड्यात!

"ही बुडाली!" म्हातारी आनंदानं ओरडली. "हा बुडाला! अरे, सगळेच बुडालात की रे!"

गाव पोट धरधरून हसलं. पाटीलही हसले. मग त्यांचं लक्ष गेलं. सगळ्यांत आधी पोचली होती ती त्यांची नात. निळ्या लुगड्यात ती नाकापर्यंत गुरफटली होती आणि रिकामी वाटी तेवढी वर दिसत होती. पाटलांनी धावत जाऊन तिला लुगड्यातून सोडवलं.

"मी सांगितलं तसंच यंत्र झालं असतं," ते कसेबसे म्हणाले, "तर पोरीला मीच नदीत बोलावलं असतं." त्यांना फार भीती वाटली.

"बरं झालं, आजच कळलं," सुतारीण म्हणाली. "चला, पुन्हा खेळू!"

आता पाटलांनाच चेव आला. "पाण्यावर आलेल्या म्हशीनं भोपळ्याला ढुशी दिली तर?" असं म्हणून त्यांनी स्वतःच म्हैस होऊन वाण्याला ढुशी दिली. वाणी कोलमडला आणि भोपळ्याभोवती दगडी कुंपण घालायचं ठरलं. दोरी तुटली तर? दुसरी दोरी हवी. पळायचं कुठं? टेकडीवर. आणि आवाज कशाचा?

"शेतातली पाखरं हाकायला पोकळ बांबू आपटतो ना, त्याचा!" म्हातारी म्हणाली. "तो ऐकून आजवर कोणी जवळ आलेलं नाही. लांबच पळालंय!"

म्हातारीच्या लुगड्यात एकही जण सापडेनासा होईपर्यंत गाव खेळत राहिलं. मगच सुतारणीनं करवत उचलली.

यंत्र जेमतेम उभं राहिलं आणि पूर आलाच. घरोघरी तव्यावर भाकरी होती. फट्ट! फट्ट! फट्ट! बांबू वाजला, तशी भाकरी तव्यावरच सोडून अख्खं गाव टेकडीवर चढलं. म्हातारीला वाण्यानं पाठुंगळी घेतलं होतं.

खाली पाणी देवळात शिरलं. वाहत आलेला एक ओंडका नगाऱ्यावर आदळला. धडाम! धडाम!

"आजोबा, शिरा!" नातीचं पाऊल पुढं पडलं. पाटलांनी तिचा हात घट्ट धरला. बाकी कोणी जागचं हललं नाही. बघता बघता पाणी नगाऱ्यावरून गेलं आणि आवाज बंद झाला.

पाटलांनी नातीला उचलून खांद्यावर घेतलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते हसतही होते. "शिरा मी करतो गं," ते म्हणाले. "इथंच, टेकडीवर!"

तात्पर्य: दोरी-भोपळ्याचं यंत्र असो की आजचं सॉफ्टवेअर, त्यानं काय करावं हे ठरवताना, त्यानं तसं केल्यावर माणसं काय करतील तेही आधी खेळून बघावं.