राउटर निवेना, अंडं मिळेना

एक होती मुंगी. तिचं नाव ठिपकी.
ठिपकीचं होतं एक अंडं. पांढरं. तांदळाच्या कणीएवढं.

गावाच्या वाचनालयात एक कपाट. कपाटात एक काळी पेटी. तिला म्हणतात राउटर. दूरच्या माणसांचं बोलणं राउटरमधून येतं.

सकाळी ठिपकीने अंडं राउटरखाली ठेवलं. आणि गेली दाणा शोधायला.
परत आली, तर राउटर तापलेला. लाल दिवा लागलेला.
टीं टीं. टीं टीं.
ठिपकीने एक पाय पुढे टाकला. चर्र. पाय भाजला.
अंडं आत. ठिपकी बाहेर.

"राउटर राउटर, निव ना रे.
माझं अंडं मला मिळेना."
राउटर म्हणाला, "मी कसा निवू? पंखा फिरेल, तर मी निवेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. राउटरमागे होता चिमुकला पंखा.
"पंख्या पंख्या, फिर ना रे.
राउटर निवेना,
माझं अंडं मला मिळेना."
पंखा म्हणाला, "मी कसा फिरू? धूळ सरकेल, तर मी फिरेन."

तुरुतुरु तुरुतुरु. पंख्याच्या पात्यांत बसली होती धूळ. जाडजूड, राखाडी.
"धुळे धुळे, सरक ना गं.
पंखा फिरेना,
राउटर निवेना,
माझं अंडं मला मिळेना."
धूळ म्हणाली, "मी कशी सरकू? ब्रश हलेल, तर मी सरकेन."

तुरुतुरु तुरुतुरु. खुंटीवर होता ब्रश.
"ब्रश ब्रश, हल ना रे.
धूळ सरकेना,
पंखा फिरेना,
राउटर निवेना,
माझं अंडं मला मिळेना."
ब्रश म्हणाला, "मी कसा हलू? मावशी उठेल, तर मी हलेन."

तुरुतुरु तुरुतुरु. खिडकीशी बसली होती कुमुदमावशी. वाचनालय तीच सांभाळते. तिच्या मांडीवर फोन. फोन गप्प. मावशीची नजर फोनवर.
"मावशी मावशी, ऊठ ना गं.
ब्रश हलेना,
धूळ सरकेना,
पंखा फिरेना,
राउटर निवेना,
माझं अंडं मला मिळेना."
मावशीने मान वरसुद्धा केली नाही.
"ते टीं टीं रोजचंच आहे गं," ती म्हणाली. "माझी लेक आज बोलली नाही. विसरली मला. लेक बोलेल, तर मी उठेन."

ठिपकी चढली फोनवर. तुरुतुरु तुरुतुरु.
"फोन फोन, बोल ना रे.
लेक बोलेना,
मावशी उठेना,
ब्रश हलेना,
धूळ सरकेना,
पंखा फिरेना,
राउटर निवेना,
माझं अंडं मला मिळेना."
फोन हळूच म्हणाला, "मी कसा बोलू? लेक सकाळपासून हाका मारतेय. पण राउटर निवेल, तर मी बोलेन."

ठिपकी थांबली.
आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.
ठिपकी रडली. मुंगीचं रडणं ते. कुणाला ऐकू येणार?
टीं टीं. टीं टीं. तेही कुणी ऐकेना.

मग ठिपकी मावशीच्या बोटावर चढली.
"मावशी, लेक विसरली नाही. ती हाका मारतेय. राउटर तापलाय. हाक तिथे अडकलीय."
मावशीने मान वर केली. लाल दिवा पाहिला.
"सकाळपासून वाजतोय हा राउटर," ती म्हणाली. "आणि मी नुसती बसून राहिले."

मावशी उठली.
ब्रश हलला. सर्र सर्र.
धूळ सरकली. भस्स.
पंखा फिरला. भिर्र भिर्र.
राउटर निवला. हळू. अगदी हळू.
लाल दिवा गेला. हिरवा आला. टीं टीं थांबलं.
फोन वाजला.
"आई, कुठे होतीस गं?" लेक म्हणाली.
मावशीचा आवाज ओला झाला. "इथंच होते बाळा. इथंच."

ठिपकी राउटरखाली गेली. फळी गार होती.
अंडं होतं. एका बाजूने पिवळं पडलेलं.
ठिपकीने मिशी लावली. आत काही हलेना.
ती थांबली. पुन्हा मिशी लावली.
आत हललं. इवलंसं.
"आहे," ठिपकी म्हणाली. "माझं अंडं आहे."
तिने ते तोंडात धरलं. तुरुतुरु तुरुतुरु.

मुंगी गेली घरात,
गोष्ट आली कानात.