साकवावरची कडी

जपून हं पाहुणे, मधल्या फळीवर पायाला लागली ना, ती दाराची कडी आहे. फळ्या कुजल्या तशा कितीदा बदलल्या, कडी मात्र तीच. साकवाला कडी कशाला, हे प्रत्येक जण विचारतोच, म्हणून आधीच सांगून टाकतो.

करंजघळीच्या दोन वाड्या, वरली आणि खालची. मधे हा बारमाही ओढा. एका साली गुरांच्या पाणवठ्यावरून भांडण पेटलं आणि दोन्हीकडच्यांनी मिळून साकव तोडला, म्हणे. तेवढ्या एका कामात त्यांची एकी झाली! शाळा खालच्या वाडीत, त्यामुळे वरल्या पोरांचं येणं बंद. पट अकरावर आला. मग सरकारी कागद आला, होळीपर्यंत पोरं वाढली नाहीत तर शाळाही बंद.

शाळेत द्वारकाबाई एकट्या. दोन्ही वाड्यांत हात जोडून आल्या, कुणी दाद दिली नाही. शेवटी त्या हट्टाला पेटल्या आणि माघातला एक दिवस त्यांनी मायेचा सण ठरवला. आत्ताचे ते लाल फुगे-बिगे तेव्हा इकडे कुणाला ठाऊक नव्हते, हसू नका. त्या दिवशी सगळे विषय मायेचे. गणितात बोरं वाटायची, जिवलगांना किती अन् स्वतःला किती. पोरांनी स्वतःला एकही ठेवलं नाही. विज्ञानात शेजारच्याच्या छातीला कान लावून ठोके मोजले. भूगोलात नकाशा काढायचा, आपल्या घरापासून लाडक्या माणसाच्या घरापर्यंतचा.

गोजर नावाच्या मुलीची आजी ठकूबाई वरल्या वाडीत. ठकूबाईची लेक, म्हणजे गोजरची आई, खाली दिलेली. चार वर्षं मायलेकींची गाठभेट नव्हती. गोजरने ओढ्यावर खुशाल साकव काढला. बाईंनी सवयीने लाल पेन्सिल उचलली.

"अगं, साकव कुठाय तिथं?"

"मग आजीकडे जाऊ कशी, बाई?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, असं सांगतात. नकाशा डोक्यावर धरून त्या कमरेएवढ्या पाण्यातून वरल्या वाडीत गेल्या.

ठकूबाईला अक्षर येत नव्हतं. पण आपली तुळस, आपला मोडका गोठा तिने ओळखला. बोट वाटेने खाली येत ओढ्यावर अडलं.

"हितं साकव न्हाई आता."

"पोरीचं चुकलंय. खोडू का?"

"तिचं कशापायी खोडता, बाई? चुकलो आमी."

म्हातारीने घराचं दार बिजागऱ्यांवरून उचललं. दोघींनी ते वाहून आणून ओढ्यातल्या जुन्या साकवाच्या उरलेल्या दगडांवर टाकलं. दोन्ही काठांना हात-दोन हात कमीच पडलं. त्यावर ठकूबाई जाऊन उभी राहिली. खालच्या काठावर लेक धावत आली अन् पाण्यापाशी थबकली. दोन्ही वाड्या बघत होत्या. कोण आधी हललं ते आजवर ठरलेलं नाही, प्रत्येक वाडी आपलंच नाव सांगते. दिवस मावळायच्या आत साकव पुरा झाला आणि दुसऱ्या दिवशी पट एकोणतीस भरला.

आजही मायेच्या सणाला शाळेतली लाल पेन्सिल कुलपात असते. पोरं नकाशात गावात नसलेलं काहीतरी काढतात, आणि गाव जमेल तसं ते करतं. ते वर दिसतंय ना, ठकूबाईचं घर, त्याला आजही उंबरठा आहे, दार नाही. तिच्या पणतूला म्हटलं, बाबा, आता तरी एक दार बसव. तो म्हणतो, "आहे की. सगळे त्यावरूनच तर येतात."