तणाव्यानं धरलेलं बोट

तुमच्या पणजीची पणजीसुद्धा जन्माला यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात एक उंच गड होता. त्याच्या माथ्यावरून समुद्र दिसायचा. पण तिथला नियम कडक होता. पालखीतून जायचं नाही, कुणाच्या खांद्यावर बसायचं नाही. राजा असो की गुराखी, ज्यानं त्यानं आपल्या पायांनी चढायचं.

राज्यातल्या सगळ्या पोरांनी समुद्र पाहिला होता. राहिली होती ती एकटी राजकन्या. पन्नास पायऱ्या चढली की तिचे पाय लटपटायचे, धाप लागायची, आणि ती तिथंच बसून रडायची. दुसरं काय होणार? बाईसाहेब खायच्या काय, तर दूधभात, पेढे आणि गूळतूप. भाजी दिसली की ताटच सरकवायच्या.

आचाऱ्यानं एकदा पालक वाटून लाडवात लपवला. तिनं पहिल्याच घासाला ओळखला आणि त्या दिवसापासून लाडवांकडेही संशयानं बघू लागली. राजानं कपाळाला हात लावला.

वाड्यामागच्या मळ्यात एक म्हातारी माळीण होती. ती म्हणाली, "महाराज, पोरीला माझ्याकडे धाडा. मी तिला खा म्हणून सांगणार नाही."

माळणीनं राजकन्येला दोडक्याच्या वेलीपाशी बसवलं. वेलीच्या शेंड्याला दोऱ्यासारखा बारीक तणावा हवेत लोंबत होता.

"याला बोट टेकव, ताई. आणि हलू नकोस."

राजकन्येनं बोट टेकवलं. ऊन चढलं, हात अवघडला. "आजी, काहीच होत नाही."

"होतंय. तू बघत राहा."

आणि खरंच, तणावा वाकला होता. हळूहळू, अगदी हळूहळू त्यानं तिच्या बोटाला वेढा घातला.  राजकन्या हलक्या आवाजात म्हणाली, "आजी, या वेलीनं मला धरलंय."

"वर चढायला आधार शोधते ती," माळीण म्हणाली आणि तिनं तणावा अलगद सोडवून काठीला लावला.

राजकन्या रोज येऊ लागली. वेल मांडवावर गेली, पिवळी फुलं आली, करंगळीएवढा दोडका धरला आणि बघता बघता हातभर झाला. एके सकाळी माळीण तो काढायला आली, तर राजकन्या आडवी आली.

"हा माझा आहे. कापायचा नाही."

"राहू दे की. जून होईल, वाळेल, आत नुसती जाळी उरेल. वेलीनं इतके दिवस ऊनपाणी पिऊन त्यात बळ साठवलंय. ते वाळू द्यायचं की आपल्या अंगी लावायचं, ते तू ठरव."

राजकन्येनं दोडक्यावरून एकदा हात फिरवला. मग तिनं स्वतःच्या हातानं दोडका तोडला. दुपारी त्याची भाजी झाली. ती तिला लगेच आवडली असं नाही, खोटं कशाला सांगू? पण ताटात एक फोडसुद्धा तिनं टाकली नाही. मग मेथी आली, भोपळा आला, गवारही आली.

पुढच्या वर्षी ती राजाबरोबर गड चढली. दोनदा बसली, पण रडली नाही. माथ्यावर पोहोचली आणि समोर बघतच राहिली. एवढं पाणी! दुसरा काठ कुठं दिसतच नव्हता. 

"दमलीस ना? पेढा खा," राजा म्हणाला.

"नको आबा. भूक लागलीय. भाकरी-भाजी आणलीत का?"

राजानं नुसते पेढेच आणले होते. शेवटी शेजारी बसलेल्या एका गुराख्यानं आपलं फडकं सोडलं, आणि राजा-राजकन्येनं समुद्राकडे बघत त्याची भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली.

बाळांनो, भाजीत साठलेलं बळ ताटात टाकलं तर वाया जातं, पोटात गेलं तर आपल्याला वर चढवतं.